अकरा विरुद्ध एक

प्रिय मुली,

तुझ्या एकांकिकेचा ड्राफ्ट वाचला. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन', म्हणजे खुनाचा आरोप असलेल्या एका पोराचा निकाल बंद खोलीत ठरवणाऱ्या, नंबरांनीच ओळखल्या जाणाऱ्या ज्युरीतल्या बारा जणांचा सिनेमा, तो बघून तू पेटून लिहायला बसलीस हे पहिल्याच पानावर कळतं आणि ते मला मनापासून आवडलं. पण एक अडचण आहे आणि ती मोठी आहे. तुझ्या आठव्या नंबरच्या माणसाला पोरगा निर्दोष आहे हे आधीपासूनच पक्कं माहितीये, आणि मग तो बाकीच्या अकरा जणांना ते समजावत बसतो. मूळ लेखक रेजिनाल्ड रोजचा आठवा असं करत नाही गं. अकरा हात 'दोषी' म्हणून वर जातात आणि याला विचारलं तर हा म्हणतो, मला माहीत नाही, पण एका पोराला मरणाच्या दारात ढकलायच्या आधी थोडं बोलूया तरी. पुढे तर तो स्वतःच चिठ्ठ्या टाकायला लावतो, की मी मत देत नाही, तुम्ही अकराही जण अजून दोषीच म्हणालात तर मीही तुमच्यासोबत, विषय संपला. म्हणजे हरायची तयारी ठेवून बसलाय तो! त्या चिठ्ठ्या उघडताना आपला जीव टांगणीला लागतो तो यामुळे. तुझ्या ड्राफ्टमध्ये तो हरूच शकत नाही, मग मी कशासाठी बघू?

रोज कसा लिहीत होता ते लक्षात घे. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याला स्वतःला ज्युरीत बसावं लागलं, सदोष मनुष्यवधाचा खटला होता आणि बंद खोलीत तासन् तास कडाक्याचा वाद झाला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला सीबीएस या टीव्ही वाहिनीच्या 'स्टुडिओ वन' या नाट्यमालिकेत हे नाटक लाइव्ह गेलं, तासाभराचा स्लॉट, त्यातच जाहिराती आणि रीटेक नाहीच. पण खोलीत काय ऐकलं तेच त्याने जसंच्या तसं उतरवलं नाही, माणसं कशी भांडतात ते उचललं आणि खटला वेगळा रचला. १९५७ चा सिनेमाही त्यानेच लिहिला, आणि आठव्याचं काम करणाऱ्या हेन्री फोंडासोबत निर्माताही तोच होता. तू 'खोली हळूहळू लहान वाटू लागते' अशी रंगसूचना दिलीयेस ना, ते सिनेमात दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने कॅमेऱ्याने केलंय, सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर आणि वाइड लेन्स, मग लेन्स लांब लांब होत जातात, कॅमेरा खाली येतो आणि शेवटी छत दिसायला लागतं. तुझ्याकडे स्टेज आहे. ते काम तुला वाक्यांतून, उकाड्यातून आणि कोण कुठे बसलंय यातून करावं लागेल.

आता दुसरी गोष्ट, तू हे आजच्या पुण्यातल्या कोर्टात घडवलंयस. आपल्याकडे ज्युरी आता नाही, आणि होती तेव्हासुद्धा सगळ्यांचं एकमत लागायचंच असं नव्हतं. १९५९ चा मुंबईतला नानावटी खटला आठव, नऊ जणांची ज्युरी, आठ विरुद्ध एक असा निर्दोषचा कौल, आणि न्यायाधीशांना तो पटला नाही म्हणून प्रकरण हायकोर्टात गेलं. रोजच्या खोलीत बहुमत चाललं असतं तर अकरा विरुद्ध एक म्हणजे पाच मिनिटांत सगळे घरी. बाराही जण एका बाजूला आल्याशिवाय निकाल लागतच नाही, या एका नियमावर अख्खं नाटक चालतं. म्हणून तू ज्युरीचा हट्ट सोड. सोसायटीची कमिटी घे, कॉलेजची चौकशी समिती घे, पण एक माणूस अडला तर सगळेच अडकतील असा नियम आधी शोध.

आणि मतं बदलतात ती कशी बदलतात बघ. म्हातारा नववा सगळ्यात आधी येतो, पण पोरगा निर्दोष वाटला म्हणून नाही, हा माणूस एकटा उभा राहिला तर त्याचं म्हणणं ऐकून तरी घेऊ म्हणून. चौथा थंड डोक्याचा, चष्मा घालणारा, तो कुणाच्या भाषणाने हलत नाही, रात्री खून पाहिल्याचं सांगणाऱ्या साक्षीदार बाईच्या नाकावर चष्म्याचे वण होते म्हणजे ती चष्मा लावत असणार, आणि रात्री अंथरुणात तो लावलेला नसणार, एवढ्यावर हलतो. तिसरा स्वतःच्या पोराशी भांडत असतो. आणि सातवा, ज्याच्या खिशात मॅचचं तिकीट आहे, तो कंटाळून 'निर्दोष' म्हणतो, तर घड्याळं बनवणारा अकरावा त्याच्यावर भडकतो, की तुला खरंच तसं वाटतं का ते सांग! मत त्याच्याच बाजूला आलेलं असताना तो भडकतो. हा प्रसंग मला आठव्याने विकत आणून टेबलात खुपसलेल्या, खुनातल्यासारख्याच दिसणाऱ्या त्या सहा डॉलरच्या चाकूपेक्षाही जास्त आवडतो, कारण इथे लेखक आपल्याच बाजूच्या माणसालाही सोडत नाही. तुझी माणसं मात्र आठव्याचा एक मोठा डायलॉग ऐकून एकामागोमाग एक विरघळतात.

पोरगा खरंच निर्दोष होता का हे रोज शेवटपर्यंत सांगत नाही, त्याला दोषी ठरवता येऊ नये इतकी वाजवी शंका आहे एवढंच. तू शेवटच्या पानावर खरा खुनी आणलायस, तो काढ. अगदी आजच काढ.

स्पर्धेला अजून वेळ आहे, त्यामुळे नवा ड्राफ्ट लगेच नको. आधी प्रत्येक पात्रावर अर्धं पान लिहून पाठव, तो या खोलीत यायच्या आधी सकाळी घरी काय करून आलाय, बाहेर गेल्यावर त्याला कुठे जायचंय आणि कुठल्या एका गोष्टीने तो हलेल. डायलॉग एकही नको. बारा माणसं जास्त वाटली तर सहा कर, चालेल. रविवारपर्यंत पाठवलंस तर संध्याकाळी फोनवर बसून बोलू.

तुझा,
दादा