पॅराशूट सगळ्यात शेवटी घे

प्रश्न : ताई, मी मूळचा नाशिकचा, नोकरीमुळे सध्या सिएटलला असतो. वय 28, वजन 72 किलो. गेल्या दोन उन्हाळ्यांत विमानातून 90 उड्या झाल्या. आता बेस जंपिंग, म्हणजे विमानाऐवजी पूल-कड्यांवरून पॅराशूट घेऊन उडी मारणं, शिकायचं आहे. ओळखीतला एक जण त्याचा जुना संच नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत देतोय. 220 चौरस फुटांची कॅनपी (पॅराशूटचं कापडी छत), हार्नेस-कंटेनर (अंगावरचे पट्टे नि पाठीवरची पिशवी) आणि 38 व 42 इंची असे दोन पायलट चूट (कॅनपीला बाहेर ओढणारी छोटी छत्री). कॅनपी 15 वर्षांची आहे, पण तिच्यावर फक्त 40 उड्या झाल्यात म्हणतो. घेऊ का? की सुरुवातीला माझं स्कायडायव्हिंगचंच पॅराशूट चालेल? आणि कधीतरी घरी आल्यावर कोकणकड्यावरून उडी मारायची इच्छा आहे, त्या दृष्टीनेही सांगा.

उत्तर : ताई म्हणालास म्हणून अरे-तुरेच करते. तो संच घेऊ नकोस. आणि विमानाचं पॅराशूट घेऊन पुलावर तर अजिबात जाऊ नकोस. आधी हे दुसरं सांगते, कारण त्यात जिवाशी गाठ आहे.

विमानातून पडताना तू साधारण 900 मीटरवर पॅराशूट उघडतोस. तेव्हा तुझा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणून ती कॅनपी मुद्दाम सावकाश, दोन-दोनशे मीटर खात उघडेल अशी शिवलेली असते. आता अमेरिकेतल्याच आयडाहो राज्यातल्या ट्विन फॉल्सचा पेरीन पूल घे. वर्षभर परवानगीशिवाय उडी मारता येते म्हणून जगभरचे नवखे तिथे येतात. हा पूल स्नेक नदीपासून 148 मीटर उंच आहे. काहीच उघडलं नाही, तर साडेपाच सेकंदांत पाणी. तुझी कॅनपी अजून फडफडतच असेल.

शिवाय आकाशात तुझ्यासमोर काही नसतं. कॅनपी डावीकडे तोंड करून उघडली काय नि उजवीकडे काय, तुला फरक पडत नाही. कड्यावरून उडी मारलीस आणि ती कड्याकडे तोंड करून उघडली, तर ती तुला थेट दगडावर नेते. आमच्या खेळात सगळ्यात जास्त धाक याच गोष्टीचा आहे. म्हणून बेसची कॅनपी वेगळी असते : सात कप्प्यांची, रुंद, मोठी, चालीला मंद. पटकन उघडणारी, आणि ब्रेक, म्हणजे वेग कमी करायच्या दोऱ्या, खोल ओढले तरी न बिथरणारी. खालच्या कापडाला व्हेंट, म्हणजे हवा आत घ्यायची जादा तोंडं, असली तर कमी वेगातही ती लवकर भरते, आणि मागे चालायची वेळ आली तरी फुगलेली राहते. नवख्याने व्हेंटशिवाय कॅनपी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. तुझ्या पत्रात किंमत आहे, उड्यांचा आकडा आहे, पण व्हेंट आहेत की नाहीत हे नाही. म्हणजे तू ते विचारलंच नाहीस.

आता मापाचं बघू. तुझं वजन 72, संच, हेल्मेट, बूट, गुडघ्याची कवचं मिळून धर 9 किलो. झाले 81 किलो, म्हणजे साधारण 178 पौंड. नवख्यासाठी एका चौरस फुटावर 0.7 पौंडाच्या वर भार नको. भागाकार कर, 255 चौरस फूट येतात. तो तुला 220 ची देतोय. पस्तीस चौरस फुटांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण दगडगोट्यांत उतरताना तो घोट्याला कळतो. त्यात पेरीनची उतरायची जागा समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, त्यामुळे प्रत्येक कॅनपी तिथे जरा जास्तच पळते. तुला 255 किंवा त्याच्या वरचंच माप हवं, खालचं नको.

आता माझं सांगते. मी साताऱ्याची, बारा वर्षं आयडाहोतल्याच बॉइझीत राहते, पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. सांगायचं कारण, यंत्रं कळणाऱ्या माणसानेही ही चूक केली. माझाही पहिला संच असाच ओळखीतला, स्वस्तातला होता. कापड तपासलं, शिवण तपासली, दोऱ्या बोटांतून फिरवून पाहिल्या. ब्रेकची खूण मात्र तपासली नाही.

बेसच्या कॅनपीत उघडताना ब्रेक आधीच बरेच खाली ओढून अडकवलेले असतात. त्यामुळे ती उघडल्या उघडल्या पुढे धावत नाही, आणि तोंड चुकलं असेल तर वळवायला दोन क्षण मिळतात. पण ते किती खाली अडकवायचे, हे त्या कॅनपीवर आणि त्या माणसाच्या वजनावर ठरतं. माझ्या आधीचा मालक माझ्याहून वीस किलोंनी जड होता. त्याने स्वतःपुरती खूण करून घेतली होती. मी हलकी, माझ्याखाली ते ब्रेक फारच खोल झाले. पेरीनवरची माझी सहावी उडी. कॅनपी सरळ, सुंदर उघडली आणि मागे चालू लागली. पाठीमागे पूल. मी पुलाखालून मागच्या मागे निघाले होते! टॉगल, म्हणजे ब्रेकच्या दोऱ्यांच्या मुठी, हातात येऊन ब्रेक सुटेपर्यंत निम्मी उंची संपली, आणि मी नदीत पडले. पाणी गार होतं, लाईफ जॅकेट होतं, बोट जवळ होती. घरी जाऊन सगळं कापड बाथटबमध्ये धुतलं आणि तिथेच बसून रडले. पुलाखाली मोकळी जागा होती म्हणून आज हे लिहितेय. पाठीमागे कडा असता तर लिहिलं नसतं.

म्हणून जुना संच वाईट असं माझं म्हणणं नाही. माझा आताचाही जुनाच आहे. पण जुना संच म्हणजे दुसऱ्या कुणाच्या शरीरावर बेतलेला संच. ब्रेकची खूण, टॉगलची लांबी, हार्नेसचे मांडीपट्टे, सगळं पुन्हा आपल्यापुरतं करून घ्यावं लागतं. ते करायला जाणता रिगर, म्हणजे पॅराशूट जोडणारा-तपासणारा कारागीर, हवा, आणि ब्रेकची नवी खूण भरपूर उंचीवर तपासायला हवी. तुला आज ते करता येणार नाही, यात कमीपणा नाही. पण मग तो संच आज तुझ्या कामाचा नाही.

पायलट चूटचं थोडक्यात सांगते. कमी वेळ पडणार असशील तर तो मोठा हवा, कारण त्याला ओढायला वाराच कमी मिळतो. सेकंद-दोन सेकंदांच्या उडीला 46 किंवा 48 इंची, तीन-चार सेकंदांना 42, त्याहून लांब पडायचं तर आणखी लहान. लांब उडीला मोठा लावलास तर तो कॅनपीला मधोमध इतक्या जोरात खेचतो की ती वेडीवाकडी उघडते. म्हणजे तुला मिळणाऱ्या दोन्हींपैकी एकही पहिल्या उड्यांचा नाही. तुझ्या पहिल्या एक-दोन उड्यांना तर पायलट चूट शिकवणाराच पुलावर उभा राहून हातात धरेल.

कंटेनर वेल्क्रोने बंद होणारा घ्यावा की पिनांचा, यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. दोन्ही चालतात. वेल्क्रो झिजतो, तो वेळच्या वेळी बदलायचा, आणि पुढे लांब उड्या मारणार असशील तर दोन पिनांचा बरा. तुझ्यासाठी यापेक्षा घोटा धरणारे बूट, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट आणि गुडघे-नडगीची कवचं महत्त्वाची. ही तेवढी आजच घे.

राहिलेल्या पैशांतून विमानातल्या उड्या मार. 90 कमी आहेत. चांगले शिकवणारे किमान 150 ते 200 मागतात, आणि नॉर्वेत श्येराग या हजारेक मीटरच्या कड्यावर तिथला क्लब 250 झाल्याशिवाय उभं करत नाही. त्या उड्याही नुसत्या गुंडाळू नकोस. तुझ्या ड्रॉपझोनवर, म्हणजे विमानातून उड्या मारतोस त्या केंद्रावर, विचार, तिथल्या रिगरच्या मदतीने विमानाच्या संचात मोठी सात कप्प्यांची कॅनपी भरून मिळते का बघ. ती घेऊन ठरवलेल्या खुणेवर, अंगणाएवढ्या जागेत, दहातल्या नऊ वेळा उतरता आलं पाहिजे. मग पहिल्या उडीचा कोर्स कर. तिथे संच बहुधा कोर्सबरोबरच मिळतो. दोन-तीन मापं वापरून बघ, घडी घालायला शीक. माझी पहिली घडी अडीच तासांत झाली होती, गालिच्यावर गुडघे टेकून. त्यानंतर संच घ्यायचा, आणि ज्याने शिकवलं त्याला दाखवून.

कोकणकड्याचं वाचून पोटात गोळा आला. मी तिथे दोनदा झोपून खाली पाहिलंय, त्यामुळे ती ओढ मला कळते. पण तो कडा आत वळलेला, खालून येणारा वारा असा की वरून टाकलेली हलकी वस्तू परत वर येते. अशा वाऱ्यात उघडलेली कॅनपी कुठे जाईल ते कुणी सांगू शकत नाही. खाली बेलपाड्याच्या बाजूला दाट रान नि धोंडे, वर अभयारण्याचे नियम. जखमी झालास तर तुला उचलून आणायला गावातली पोरं चार-पाच तास चालत येतील, आणि येतीलच. त्यांच्यावर ती वेळ आणू नकोस. तिथे ट्रेकला जा.

प्रश्न : माझा मुलगा परदेशात बेस जंपिंग शिकतोय. विमानाच्या उडीत दुसरं, राखीव पॅराशूट असतं म्हणे, मग यात का नाही? तो नीट सांगत नाही. मी काय विचारू त्याला? (एक आई, पुणे)

उत्तर : काकू, राखीव पॅराशूट नसतं कारण ते उघडायला वेळच नसतो. पहिलं बिघडलंय हे कळून, ते तोडून, दुसरं उघडेपर्यंत जमीन येते. तुमच्यापासून लपवत नाही : या खेळाला ज्यांनी नाव आणि वळण दिलं ते कार्ल बोएनिश 1984 साली नॉर्वेत कड्यावरच्या उडीत गेले. आपल्या गढवालातल्या शिवलिंगवरून 2012 साली उडी मारणारे रशियाचे व्हॅलेरी रोझोव 2017 मध्ये नेपाळात गेले. दोघेही त्यांच्या काळातले अत्यंत जाणते होते.

मुलाला 'जपून जा' म्हणू नका, तो 'हो' म्हणेल. तीन गोष्टी विचारा. विमानातून किती उड्या झाल्या? कॅनपीचं माप काय, आणि ते कोणत्या हिशेबाने घेतलं? ब्रेकची खूण स्वतःच्या वजनाला तपासली का, कुठे, किती उंचीवर? उत्तरं लिहून घ्या आणि मासिकाच्या पत्त्यावर मला पाठवा. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला तर त्याचा फोन नंबरही पाठवा, मी स्वतः बोलेन त्याच्याशी.