क्रॉन 4 वरून एनबीसी गेलं कसं?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला नव्या घरी अँटेना लावल्यावर 4 नंबरला, म्हणजे क्रॉन या स्टेशनवर, सीडब्ल्यू दिसतं, पण शेजारचे आजोबा ‘एनबीसी म्हणजे चॅनल 4’ म्हणतात, तर खरं काय, असं तुम्ही विचारलंय. आजोबांचं बरोबर आहे, फक्त 2001 पर्यंतचं.

आपण दूरदर्शनवर वाढलेली माणसं. केंद्र मुंबईचं असो की नागपूरचं, मालक एकच, त्यामुळे इथली रचना लवकर डोक्यात शिरत नाही. इथे कार्यक्रम पुरवणारं नेटवर्क (एनबीसी, सीबीएस, एबीसी, सीडब्ल्यू) वेगळं आणि परवाना, टॉवर, स्थानिक बातम्या सांभाळणारं स्टेशन वेगळं. दोघांमध्ये असतो तो करार. त्यातही, ‘आमचे कार्यक्रम दाखवा’ म्हणून कित्येक दशकं नेटवर्कच स्टेशनला पैसे देत असे. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड त्यावरूनच झाली.

क्रॉन 15 नोव्हेंबर 1949 रोजी सुरू झालं, मालक ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ या वृत्तपत्रवालेच. तेव्हापासून 52 वर्षं एनबीसी तिथेच. मग 1999 मध्ये क्रॉनिकलच्या घराण्याने सगळा कारभार विकायला काढला. सीबीएसचं 5 आणि एबीसीचं 7 ही त्या-त्या नेटवर्कच्या मालकीची, एनबीसीचं मात्र इथे स्वतःचं काही नाही. त्यामुळे क्रॉन घ्यायला ते टपूनच बसले होते. पण बाजी मारली यंग ब्रॉडकास्टिंग या कंपनीने, रोख आणि शेअर मिळून सुमारे 82 कोटी डॉलर मोजून. एकट्या स्टेशनसाठी तोवर एवढी किंमत कोणी दिली नव्हती.

चिडलेल्या एनबीसीने अटी घातल्या. आता उलट तुम्हीच आम्हाला दरवर्षी पैसे द्या, नाव ‘एनबीसी 4’ करा, आमचा कार्यक्रम बाजूला सारून दुसरं काही दाखवू नका. यंगने नकार दिला. माझ्या मते नकार चुकीचा नव्हता, चुकीची होती ती किंमत. एनबीसी राहील हे धरून मोजलेले पैसे, आणि तेच हातात नाही.

तिकडे सॅन होजेचं 11 नंबरचं केएनटीव्ही. त्यांच्याकडे एबीसी होतं, पण शेजारीच एबीसीचं स्वतःचं 7 असल्यामुळे एबीसीने 2000 मध्ये पैसे देऊन त्यांना बाजूला केलं. त्यांच्या मालकांनी, ग्रॅनाइटने, एनबीसीला काही वर्षांत मिळून 36 कोटी 20 लाख डॉलर द्यायची तयारी दाखवली! 1 जानेवारी 2002 ला एनबीसी 11 वर गेलं. गंमत म्हणजे ग्रॅनाइटलाही ते झेपलं नाही, आणि एनबीसीने अख्खं स्टेशनच 23 कोटींना विकत घेतलं. म्हणजे हवं होतं ते मिळालं, तेही क्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी पैशांत.

हाल झाले अँटेनावाल्यांचे. 11 चा टॉवर दक्षिणेला लोमा प्रिएटा डोंगरावर, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्को आणि उत्तरेकडच्या घरांत एनबीसी धड दिसेना. टॉवर सॅन ब्रुनो डोंगरावर आला 2005 मध्ये. तोवर केबलवर 3 नंबरला दिसतं म्हणून त्यांनी स्वतःला काही काळ ‘एनबीसी 3’ म्हणवून घेतलं. 11 नंबरचं स्टेशन, नाव 3, आणि लोक शोधतायत 4 वर!

क्रॉनने मोकळी झालेली वेळ बातम्यांनी भरली. 2005 मध्ये वार्ताहराच्याच हातात कॅमेरा देऊन शूटिंग, संपादन सगळं त्यालाच करायला लावलं. 2006 मध्ये मायनेटवर्कटीव्ही हे नेटवर्क घेतलं, त्याने फारसा फरक पडला नाही. 2009 मध्ये यंगने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे स्टेशन मीडिया जनरल या कंपनीकडे आणि 2017 मध्ये नेक्स्टार कंपनीकडे गेलं. नेक्स्टारने 2022 मध्ये सीडब्ल्यूचा 75 टक्के हिस्सा घेतला, आणि 1 सप्टेंबर 2023 पासून क्रॉनवर सीडब्ल्यू आलं. आता नेटवर्क आणि स्टेशन एकाच घरचे, त्यामुळे रुसून निघून जायची भीती नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर एनबीसीसाठी 11.1 बघा. ते व्हीएचएफवर (लांब लहरींच्या पट्ट्यावर) येतं आणि खिडकीला चिकटवायचे बरेचसे सपाट अँटेना व्हीएचएफ नीट पकडत नाहीत. दिसत नसेल तर लांब दांड्यांचा अँटेना आणा, वायव्येकडे तोंड करा आणि चॅनल पुन्हा स्कॅन करा. क्रॉनचा सुट्रो टॉवरही साधारण त्याच दिशेला आहे.