मराठी पटकथेसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

प्रश्न: मी पहिली मराठी पटकथा लिहितोय. फायनल ड्राफ्ट हे विकतचं सॉफ्टवेअर परवडत नाही. फुकटच्या एका सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीत टाइप केलं, तर पात्रांची नावं वर्णनातच मिसळतात. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: दोष तुमचा नाही. फाउंटन पद्धतीने (साध्या टेक्स्टमधल्या खुणांवरून पटकथेची मांडणी) चालणारी सॉफ्टवेअर्स पात्राचं नाव कॅपिटल अक्षरांवरून ओळखतात, आणि देवनागरीत कॅपिटल कुठून आणायची? दृश्याचं शीर्षकही INT. (आत) किंवा EXT. (बाहेर) यांसारखी इंग्रजी खूण दिसली तरच कळतं. उपाय सोपा आहे. शीर्षकाआधी टिंब, नावाआधी @:

.आत. वाड्याचं स्वयंपाकघर – रात्र

@सुमन
दूध उतू गेलं बघ.

नाव आणि संवाद यांत रिकामी ओळ सोडू नका, नाहीतर संवाद पुन्हा वर्णनात जातो. फाउंटन म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्येही लिहिता येते. मॅक असेल तर 'बीट' हे फाउंटनवर चालणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. सहलेखक दुसऱ्या गावी असेल तर ऑनलाइन एकत्र लिहिता येणारं रायटरड्युएट बघा.

पैसे भरण्याआधी 'स्त्री, र्‍हस्व, ज्ञानेश्वर' एवढं टाइप करून पीडीएफ काढा. पडद्यावर ठीक दिसणारी जोडाक्षरं कधी कधी पीडीएफमध्ये फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. तसं झालं तर ते सॉफ्टवेअर कितीही नावाजलेलं असो, आपल्या कामाचं नाही. पटकथेसाठी वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी कुरियर फाँटमध्ये देवनागरी नसते, म्हणून फाँट बदलता येतो का तेही तपासा.

'पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट' हा हिशेब इंग्रजी कुरियर १२ पॉइंटचा आहे. मराठीत लांबी कळण्यासाठी घड्याळ लावून मोठ्याने वाचा.