नौदलातून निवृत्त झालेल्या वैमानिकाचं पुढचं आयुष्य कसं असतं?

मुलगा बारावीत आहे, नौदलाच्या हवाई शाखेत जायचं म्हणतोय आणि निवृत्तीनंतर त्याचं काय होणार याची तुम्हाला आत्तापासून काळजी लागली आहे. आधी त्याला विचारा: पायलट व्हायचंय की ऑब्झर्व्हर, म्हणजे विमान न चालवता मागे बसून दिशा आणि शोध सांभाळणारा अधिकारी? सोनेरी पंख दोघांच्याही छातीवर लागतात. वाटा फुटतात त्या निवृत्तीनंतर. हेलिकॉप्टरचा पायलट परवान्याचे सोपस्कार उरकून जुहूहून बॉम्बे हायच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर फेऱ्या मारायला लागतो, डॉर्नियर विमानाचा पायलट एअरलाइनचं दार ठोठावतो. ऑब्झर्व्हरची खुर्ची नागरी विमानात नसतेच. मी ऑब्झर्व्हर. कमांडर म्हणून चोपन्नाव्या वर्षी बाहेर पडलो, राहायला खारघरला.

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून सोसायटीतला जो तो म्हणतो, "साहेब, आता काय, नोकरी दारातच आली." समजावणं सोडून दिलंय.

पण मेहुण्याला सोडणार नाही. त्याचं कळंबोलीच्या लोखंड बाजारात गोदाम आहे. माझी वीस वर्षं भरली, म्हणजे पेन्शन पक्की झाली, तेव्हा तो म्हणाला, "भावोजी, आता सोडा. तुम्ही काही पायलट नाही, मागे बसून नकाशा बघायचा. त्यापेक्षा माझ्या गोदामावर बसा."

तर मागे बसून काय करतात ते सांगतो. सी किंग हेलिकॉप्टरमध्ये पुढे दोन पायलट, मागे ऑब्झर्व्हर आणि सोनार, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारं यंत्र, चालवणारा ऑपरेटर. पाणबुडी शोधायची म्हणजे मिट्ट काळोखात, पाण्यापासून चाळीस-पन्नास फुटांवर हेलिकॉप्टर जागच्या जागी धरायचं, केबलने सोनारचा डोम समुद्रात सोडायचा, कानोसा घ्यायचा, डोम वर ओढायचा आणि पुढच्या जागी जायचं. पुढची जागा मागचा माणूस ठरवतो. पायलटला बाहेर काही दिसत नसतं, क्षितिजसुद्धा नाही.

एका रात्री गोव्याच्या पश्चिमेला सराव चालू होता. जहाजाचे रेडिओ, रडार बंद, आमचंही रडार बंद, असा त्या सरावाचा नियम. जहाज सोळा नॉटने कुठल्या दिशेला जाणार, एवढंच निघताना सांगितलेलं. अडीच तासांत मदर, म्हणजे आमचं जहाज, चाळीस सागरी मैल सरकलेली असते आणि सरकताना ती कुणाला सांगत नाही. जीपीएस नव्हतंच. परत फिरलो आणि आमचा खरा वेग आणि दिशा मोजणाऱ्या डॉप्लर यंत्राने दगा दिला. म्हणजे वाऱ्याने आम्ही किती ढकलले जातोय ते कळायला मार्ग नाही. निघताना वारा नैऋत्येचा सांगितला होता. पण डिप करताना, म्हणजे डोम पाण्यात सोडताना, हेलिकॉप्टर वाऱ्याकडे तोंड करून उभं राहतं, आणि शेवटच्या दोन-तीन डिपला आमचं नाक थेट पश्चिमेला होतं. ते मी बोर्डवर टिपून ठेवलं होतं. नव्या वाऱ्याने हिशेब मांडला आणि दिशा दिली. पायलटच्या डोक्यातला आकडा वेगळा होता. त्याने एकदाच विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." इंधन दोनदा चुकण्याइतकं नव्हतं. त्याने वळवलं. काही वेळाने समोर, किंचित डावीकडे, डेकचे मिणमिणते दिवे दिसले. हलत्या डेकवर त्याने जे उतरवलं ते मला सात जन्मांत जमणार नाही, हेही सांगायला हवं.

हे सगळं ऐकून मेहुणा म्हणाला, "म्हणजे नकाशाच की."

आता तुमचं उत्तर. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर वेळोवेळी महागाई भत्ता. काही भाग विकून एकरकमी पैसे मिळतात, तो भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. माझं खारघरचं घर त्यातूनच झालं. औषधपाण्याला माजी सैनिकांची ईसीएचएस योजना, मोठं दुखणं असेल तर कुलाब्याला नौदलाचं अश्विनी रुग्णालय; इथून हार्बर लोकलने सीएसएमटी आणि पुढे टॅक्सी, अर्धा दिवस गेला. नोव्हेंबरात स्पर्श या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर हयातीचा दाखला. सी किंगच्या आवाजाने डावा कान अर्धा गेलाय, बायकोच्या मते सोयीपुरता.

नोकरी? बेलापूरच्या एका संस्थेत प्रशासकीय अधिकारी झालो. हुद्दा ऐकायला बरा, काम म्हणजे वॉचमनची हजेरी आणि बंद पडलेली लिफ्ट. संचालक पाहुण्यांना "हे आमचे फायटर पायलट" अशी ओळख करून द्यायचे. दुरुस्त केलं की नाराज व्हायचे. सोडली. आता सोसायटीतल्या पोरांना गणित शिकवतो, फुकट. मान म्हणाल तर २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला मिळतो.

तरीही मुलाला ऑब्झर्व्हर व्हायचं असेल तर होऊ द्या. फक्त नोकरीत असतानाच बाहेर चालेल असं काहीतरी शिकायला सांगा; निवृत्तीच्या तोंडावरचे सरकारी पुनर्वसन कोर्स चांगले असतात, पण उशिरा येतात. चौपन्नपर्यंत थांबलो याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. २०२०च्या टाळेबंदीत कळंबोलीच्या गोदामाला कुलूप होतं आणि माझी पेन्शन दर महिन्याला जमा होत होती, हे मी मेहुण्याला फोन करून कळवलंही होतं.

हो, दोन गोष्टी राहिल्या. माझी माहिती सी किंगच्या काळातली. आता पी-८आय विमानं आहेत, २०२४ मध्ये कोचीला एमएच-६०आर हेलिकॉप्टरं ताफ्यात रीतसर दाखल झाली, तिथलं मागच्या माणसाचं काम बरंच बदललं असणार. आणि वरचा पेन्शनचा हिशेब पर्मनंट कमिशनवाल्यांचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत नोकरी असणाऱ्यांचा. शॉर्ट सर्व्हिसमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीत, दहा, फार तर चौदा वर्षं; ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. तेव्हा मुलगा कुठल्या एंट्रीचा अर्ज भरतोय ते आधी बघा.