दिल्ली पासिंगची २०१४ची ई-क्लास, १ लाख ६२ हजार किलोमीटर पळालेली. ९ लाखांत घ्यावी का?

तुम्ही नाशिकचे, एजंटने दाखवलेली गाडी दिल्लीची, मर्सिडीज ई २५० सीडीआय, आणि घरचे म्हणतायत की दीड लाखाच्या वर पळालेली गाडी म्हणजे पांढरा हत्ती. हेच मॉडेल (या पिढीचं कंपनीतलं नाव डब्ल्यू २१२) माझ्याकडे पुण्यात आहे. ९८ हजार किलोमीटरवर घेतलं, आज मीटर २ लाख ११ हजार दाखवतंय. त्या अनुभवावर सांगतो.

१ लाख ६२ हजार हा आकडा बघून गाडी सोडू नका. हे २.१ लिटरचं, दोन टर्बोचं डिझेल इंजिन (ओएम ६५१) नीट तेलपाणी मिळालं तर त्याच्या दुप्पट सहज पळतं. हायवेवर लाख किलोमीटर पळालेली गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खाल्लेल्या चाळीस हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा बहुधा निरोगी निघते. खरी भीती आकडा खोटा असण्याची.

मी शोधत होतो तेव्हा एका डीलरने ४१ हजार किलोमीटरची गाडी दाखवली. मालक डॉक्टर, एकच हात, चकाचक. मी टोकन द्यायला निघालो होतो. सोबतच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला. या गाड्यांत एखादा बिघाड नोंदला गेला की तो कितव्या किलोमीटरला आला तेही सोबत साठतं. गिअरबॉक्सच्या नोंदीत १ लाख १८ हजारांवर आलेला बिघाड बसलेला! डीलर म्हणाला, सॉफ्टवेअरची गडबड असेल. आम्ही चहा पिऊन परत आलो. मीटर पाडणाऱ्याने समोरचा आकडा बदलला, आतल्या नोंदी तशाच राहिल्या. म्हणून शंभर गाड्यांना चालणारा साधा स्कॅनर नको, स्टार डायग्नोसिस (मर्सिडीजचा स्वतःचा स्कॅनर) असलेला माणूस बरोबर न्या. तो दीड-दोन हजार घेईल, देऊन टाका. सर्व्हिसच्या नोंदी कंपनीच्या सिस्टीमवर असतात, त्या काढून द्यायला मूळ मालकालाच सांगा. मालकाशी बोलणं करून द्यायला एजंट टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा.

आता दिल्लीचं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये तिथे १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, तेव्हापासून अशा गाड्या पडेल भावात आपल्याकडे यायला लागल्या. म्हणजे भाव पडलाय तो या बंदीमुळे, गाडी बिघडली म्हणून असेलच असं नाही. पण ९ लाख हा तुमचा शेवटचा आकडा नाही. दिल्लीच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवल्याचं पत्र, मग इथे एमएच १५ नंबर आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. हा टॅक्स तुम्ही दिलेल्या ९ लाखांवर बसत नाही, मूळ बिलाच्या किमतीवर गाडीच्या वयाची सूट देऊन बसतो. गाडी नवी असताना पन्नास लाखांच्या घरातली होती हे लक्षात ठेवून नाशिक आरटीओत आधी आकडा काढून घ्या. आणि १५ वर्षं पहिल्या नोंदणीपासून मोजतात, म्हणजे २०२९ला फिटनेस करून पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण आलंच. हे सगळं मिळून इथलीच एमएच पासिंगची गाडी स्वस्त पडत नाही ना, ते आधी बघा. (गंमत म्हणजे ही गाडी जुळली चाकणलाच. सासर दिल्ली, माहेर पुणे.)

गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन गार असतानाच. सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद इंजिनाच्या मागच्या बाजूने खडखड आली आणि मग थांबली, तर टायमिंग चेनची (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या साखळीची) शंका धरा. या इंजिनात चेन पुढे नसून गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. म्हणजे चेनचं काम निघालं की आधी गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवणं आलं, आणि मजुरीच तुमचा घाम काढते.

मग वरचं प्लास्टिकचं झाकण काढायला लावा. इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळीच्या) बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसतोय का? कान लावला तर चक-चक आवाज येतो का? तसं असेल तर इंजेक्टरखालची तांब्याची वॉशर गेलेली असते. वॉशर काही शे रुपयांची. वेळीच बदलली तर काम किरकोळ. पण वर्षभर तशीच चालवली की काजळी दगडासारखी होते, इंजेक्टर जागेवरून हलत नाही, आणि खर्च कुठल्या कुठे जातो. हे काम कधी झालंय का ते विचाराच.

गिअरबॉक्स सात गिअरचा ऑटोमॅटिक. हळू चालवताना दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना मागून कोणी ढुशी दिल्यासारखं वाटलं तर तेल कधी बदललं ते विचारा. 'लाइफटाइम तेल आहे, बदलावं लागत नाही' असं उत्तर आलं तर तेल कधीच बदललेलं नाही हे समजा. मी दर ६० हजारांनी तेल, फिल्टर आणि खालचा पॅन बदलतो. या गिअरबॉक्सला डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) नसते, तेलाचं तापमान ४५ अंशांच्या आसपास असताना पातळी बघावी लागते. हे ज्या मेकॅनिकला माहीत नाही त्याला गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.

आणखी एक: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. तळाशी मातकट रेघ असेल तर गाडी पुरात होती. टायरवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही काचांवरची वर्षं जुळतायत का तेही बघा. किल्ली घातल्यावर स्टेअरिंगचं लॉक उघडल्याचा हलका आवाज यायला हवा. या पिढीत स्टेअरिंग लॉकची छोटी मोटर जाणं ओळखीचं दुखणं आहे. ती गेली की गाडी जागेवरच, टो करून न्यायची.

घेतलीत तर सांभाळायचं कसं? मी वहीत लिहितो: तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले. इंजिन ऑइल कंपनी सांगते त्याच्या आधीच, दर १० हजारांनी, साडेसहा लिटर, डब्यावर मर्सिडीजचा २२९.५१ हा मंजुरी क्रमांक बघूनच. कूलंटमध्ये नळाचं पाणी कधीच नाही. इंजिन माउंट आणि पुढच्या चाकांच्या आर्मचे बुश (धक्के झेलणारे रबरी भाग) आपल्या रस्त्यांवर जातातच, त्याला दुखणं म्हणू नका, चपलेचा तळ झिजतो तसं ते. डब्यावर मर्सिडीजचा तारा नसला तरी लेमफोर्डर किंवा मान (MANN) या कंपन्यांचा भाग बिनधास्त घ्या, मर्सिडीजलाही माल तेच पुरवतात. गल्लीतल्या दुकानातला 'सेम टू सेम' मात्र नको.

माझी सगळ्यात महाग चूक इंजिनात नव्हतीच. गाडी दोन पावसाळे गुलमोहराखाली लावली. पुढच्या काचेखालच्या जाळीत पाला साचला, पाणी जायची भोकं बुजली आणि पाणी गालिच्याखाली उतरलं. मी वासाकडे दुर्लक्ष केलं, एसीचा फिल्टर असेल म्हणून. वायरिंगचे जोड हिरवे पडल्यावर कळलं. त्या वर्षी वहीतला सगळ्यात मोठा आकडा तोच. आता मेअखेर जाळी काढून हाताने साफ करतो, दहा मिनिटांचं काम.

तुमच्या बजेटबद्दल स्पष्टच सांगतो. ९ लाख देऊन हात रिकामे होणार असतील तर ही गाडी घेऊ नका. पहिल्या वर्षासाठी दीड-दोन लाख बाजूला हवेत, कारण आधीच्या मालकाने विकायचं ठरवल्यावर पुढे ढकललेली सगळी कामं तुमच्या वाट्याला येतात. आणि गाडीच्या आधी नाशिकात मेकॅनिक शोधा. तो मिळाला नाही तर प्रत्येक दुखण्याला पुणे-मुंबई करावं लागेल.

एजंटला कळवा की सकाळी सात वाजता येतो, तोवर गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर हसून परत या आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मागा. स्कॅनचा रिपोर्ट हातात आला की इथे टाका, बघून सांगतो.