चौतिशीतल्या बाईला सतराव्या वर्षाचं काळीज नको

अगं, कथा वाचली. सांगलीच्या आयर्विन पुलाखालची ती जलपिशाच्चं झकास जमलीत, त्यांना हात लावू नकोस. घोटाळा नायिकेत आहे. वय चौतीस, पण प्रत्येक धक्का आयुष्यातला पहिलाच असल्यासारखा बसतो. किशोर कादंबरीत ते शोभतं; तिथं वाचक साधारण १२ ते १८ चा, आणि 'मी कोण?' हाच गाभा.

तुझ्या बाईनं २००५ चा पूर शाळेत असताना पाहिला असणार, २०१९ चा संसार मांडल्यावर. कृष्णा चढतेय म्हटल्यावर ती किंचाळेल कशाला? आधी सिलिंडर माळ्यावर चढवेल, सासूच्या बीपीच्या गोळ्या पिशवीत टाकेल, मग मंत्राचं बघेल. हात थरथरतील ते तीन दिवसांनी, चहा गाळताना.

त्या देखण्या वेताळावर भाळू दे की! फक्त भाळतानाही घराचा हप्ता आठवू दे.

रडण्याचे निम्मे प्रसंग काढ. (माझ्या पहिल्या कथेत बाई अकरा वेळा रडली होती. मोजलंय.) त्याऐवजी चिखलाची रेघ अजून न पुसलेलं एक कपाट दाखव, आणि ती रेघ तिनं का ठेवलीय ते सांगूच नकोस.

नवा खर्डा घेऊन रविवारी विश्रामबागला ये.