वाचकांचे प्रश्न : वादळाच्या दिवसांत घरची वीज

प्रश्न : घर जुनं, मातीच्या भिंतींचं आहे. लाकडी पट्टीवरची वायरिंग आणि किटकॅट फ्यूज अजून तसेच आहेत. टिनाच्या कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. इलेक्ट्रिशियननं फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून दाखवला, तो लख्ख पेटला. अर्थिंग चांगली आहे, असं तो म्हणतो. मग झटका का लागतो? सगळा खर्च एकदम झेपणार नाही. आधी काय करावं? (ता. आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : आधी त्या कूलरचा प्लग काढून ठेवा. आज झिणझिण्या आहेत. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून टाकीत पाणी भरताना तोच करंट जीव घेतो. दुरुस्तीनंतरही प्लग काढूनच पाणी भरायचं.

बल्ब पेटला म्हणून अर्थिंग चांगली ठरत नाही. 100 वॅटचा बल्ब जेमतेम 0.43 अँपिअर ओढतो. अर्थिंगचा रोध 20 ओहम असला तरी त्यात नऊएक व्होल्टच जातात, बल्ब लख्खच दिसणार. आता कूलरच्या पत्र्याला फेज चिकटली असं समजा. 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. 16 अँपिअरची एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की लाइन तोडणारा स्विच) तेवढ्यानं जागची हलत नाही. किटकॅटमध्ये कुणी जाड तार बांधली असेल तर विचारूच नका. लाइन चालू, पंखा चालू आणि पत्र्यातही करंट.

म्हणून 'आधी अर्थिंग, बाकी मग' हा गावोगावचा सल्ला आम्हाला अर्धाच पटतो. पहिला पैसा आरसीसीबीवर घाला : दोन पोलची, 40 अँपिअर, 30 मिलिअँपिअर. फेजनं गेलेला करंट आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट ती सतत ताडून पाहते आणि फरक पडला की लाइन तोडते. अर्थिंग कमजोर असली तरी ती काम करते. अर्थिंग मुळीच नसेल, तर मात्र कुणाचा तरी हात लागेपर्यंत ती थांबते. दुकानदार 100 किंवा 300 मिलिअँपिअरची पुढे करेल. ती आगीच्या बचावासाठी असते, माणसासाठी नाही. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून ती पडते का, ते बघा.

ओव्हरलोड आरसीसीबीला कळत नाही, त्यामुळे एमसीबी लागतातच. दिवे-पंख्यांना 6 अँपिअरची एमसीबी आणि 1.5 चौरस मिमी तांब्याची वायर, मोठ्या सॉकेटला 16 अँपिअर आणि 2.5 चौरस मिमी. एमसीबी वारंवार पडते म्हणून तिथे मोठी बसवली, तर वायर जळते आणि एमसीबी शाबूत राहते.

दुसरा खर्च अर्थिंगचा. भिंतीपासून किमान दीड मीटर दूर खड्डा घ्या. त्यात 40 मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांब जीआय पाइप उभा करा, भोवती कोळसा आणि जाड्या मिठाचे थर द्या. वरून पाणी घालायला नरसाळं आणि झाकणाची चौकट ठेवा. पाइपपासून बोर्डापर्यंत 8 गेजची जीआय तार नट-बोल्टनं घट्ट कसा; नुसते पीळ देऊन भागत नाही. आपल्याकडची काळी माती नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हात) भेगाळते, पाइपपासून सुटते आणि नेमकी वादळाच्या तोंडावर अर्थिंग निकामी होते. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत आठवड्याला बादली-दोन बादल्या पाणी ओता. खाली खडक लागला, तर पाइपच्या लांबीहून जास्त अंतरावर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडा. रोध अर्थ टेस्टरनं मोजून घ्या. 5 ओहमच्या आत आला तर उत्तम.

सॉकेटच्या अर्थच्या भोकाला न्यूट्रलची तार जोडून 'अर्थिंग केली' म्हणणारे महाभाग आहेत. न्यूट्रल तुटलं की त्याच तारेनं कूलरच्या पत्र्यात करंट येतो. तुमच्या सॉकेटमध्ये हे आहे का, ते नक्की उघडून बघा.

पट्टीवरची वायरिंग तिसऱ्या नंबरवर. कूलर, मोटर आणि ओलीच्या भिंतीवरच्या लाइनी आधी बदला. अॅल्युमिनियमच्या वायरला तांब्याचा सांधा असेल, तर तो तापून काळा पडतो. असे सांधे ठेवू नका.

प्रश्न : मे महिन्यातल्या वादळात आमच्या आळीतले टीव्ही आणि फ्रिज जळाले. आमच्याकडे एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही होत्या. त्या का पडल्या नाहीत? (ता. साकोली, जि. भंडारा)

उत्तर : अख्ख्या आळीतली यंत्रं एकाच वेळी गेली, तर पहिला संशय न्यूट्रलवर. वाऱ्यानं डीपीकडून (ट्रान्सफॉर्मरकडून) येणारं न्यूट्रल तुटलं किंवा सैल झालं की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकापुढे एक जोडल्यासारखी होतात. दोन फेजमध्ये 400 व्होल्ट असतात. ज्या घरात कमी यंत्रं चालू, तिथे व्होल्टेज जास्त चढतं. करंट फेज-न्यूट्रलमध्ये सारखाच राहतो, म्हणून आरसीसीबीला काही वावगं दिसत नाही. एमसीबी तर ओव्हरलोड बघते, व्होल्टेज नाही.

यावर उपाय ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. मेन स्विचनंतर लावा. 270 व्होल्टच्या वर आणि 170 च्या खाली तोडेल आणि परत जोडायला तीन मिनिटं घेईल, असा सेट करा. तो नसेल, तर ओळखायची खूण अशी : तुमचा बल्ब डोळे दिपवतो आणि शेजाऱ्याचा मिणमिणतो. तत्क्षणी मेन बंद करा आणि महावितरणला 1912 वर कळवा.

विजेच्या कडकडाटानं तारांवर येणारा झटका वेगळा. त्याला टाइप-2 चा एसपीडी (असा झटका अर्थिंगकडे वळवणारं उपकरण) लागतो : 320 व्होल्टचा, 40 किलोअँपिअरचा. त्याच्या तारा अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, लांबल्या तर फायदा कमी होतो. अर्थिंग धड नसेल तर एसपीडीचे पैसे वाया. न्यूट्रल तुटल्यावर मात्र तो वाचवत नाही, उलट स्वतःच जळू शकतो. त्याची खिडकी लाल झाली की बदला.

टीव्हीची पिन काढून डिशची केबल तशीच ठेवणारे पुष्कळ. झटका तिच्यातूनही येतो. थेट वीज पडली तर यातलं काहीच पुरत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, वीज पडण्याचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये ठेवा आणि इशारा आला की प्लग आणि केबल काढा. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र हात लावू नका.

प्रश्न : पाऊस लागला की आरसीसीबी पडते. वायरमन म्हणतो, काढून टाका. (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : काढू नका, ती खरं तेच सांगतेय, कुठेतरी ओल लागलेली आहे. बहुतेक वेळा ओसरीतला दिवा, बेलचं बटण, गोठ्यातली लाइन किंवा मोटरचा स्टार्टर निघतो. सगळे प्लग काढा, सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी चढवत जा. ज्या एमसीबीला पडली, ती लाइन तपासा.

कधी सगळ्या एमसीबी खाली असूनही आरसीसीबी पडते. एक पोलची एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल भिंतीत कुठे ओलीला टेकलं असेल, तर ते तसंच राहतं. अशा वेळी परवानाधारक वायरमनला मेन बंद करून न्यूट्रल बारवरच्या तारा सोडायला आणि एकेक जोडून बघायला सांगा. 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या यंत्रावर) वायर आणि अर्थमधला रोध 1 मेगाओहमच्या खाली आला, तर ती वायर टाकून द्या.

प्रश्न : खांबावरून येणारी सर्व्हिस वायर टिनावर घासते. त्याच टिनाच्या अँगलला कपडे वाळवायची तार बांधली आहे. (ता. देवरी, जि. गोंदिया)

उत्तर : तार आजच सोडा, पण आधी 1912 वर फोन करून लाइन बंद करून घ्या, तोवर टिनाला, अँगलला, तारेला कुणीही हात लावायचा नाही. कपड्यांना नायलॉनची दोरी बांधा. मीटरपर्यंतची वायर महावितरणची, ती तुम्ही ओढू नका. नवी टाकून घेताना जीआयच्या आधारतारेवर, चिनी मातीच्या रीलवरून, टिनापासून वर उचलून टाकायला लावा. घरात शिरण्याआधी वायरला खाली झोल ठेवायला सांगा, म्हणजे पाणी तिथूनच गळतं, मीटरच्या पेटीत जात नाही.